बाजीराव आडवा आला

मराठी माणसानं बाजीराव पेशव्यांवर चिडायचं नसतं. तरीही डिसेंबर 2015 मध्ये मी त्यांच्यावर मनातल्या मनात धुसफुसत होतो. 'स्टार वॉर्स'चा नवा भाग, 'द फोर्स अवेकन्स', अमेरिकेत 18 डिसेंबरला लागला. त्याच शुक्रवारी आपल्याकडे 'बाजीराव मस्तानी' आणि शाहरुखचा 'दिलवाले' एकमेकांसमोर उभे ठाकले. थिएटरांची वाटणी तिथेच आटोपली आणि अंतराळवाल्यांना सांगण्यात आलं, तुम्ही नाताळला या.

आता 1983 साली 'रिटर्न ऑफ द जेडाय' आल्यापासून पुढे काय झालं याची वाट बघणाऱ्याला आणखी एक आठवडा जड जायला नको. (मधे 1999 ते 2005 या काळात तीन भाग आले, पण ते आधीच्या पिढीची कथा सांगणारे. त्यातल्या जार जार बिंक्स या विदूषकी पात्राचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही.) जड होतं ते त्या आठवड्यात शेवट कानावर पडू न देणं.

एकदा पोळलोय ना. गिरगावात आमच्या चाळीत रात्रीपुरता भाड्यानं व्हीसीआर आणायचे. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'ची कॅसेट लागली होती. नायक ल्यूक आणि खलनायक डार्थ व्हेडरची लढाई रंगात आली, ल्यूकचा हात तुटला, व्हेडर काहीतरी महत्त्वाचं सांगणार, तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. व्हिडिओ लायब्ररीवाल्यानं त्याच कॅसेटवर भाचीचं लग्न टेप केलं होतं. मधेच कुठेतरी व्हेडर परत येईल या आशेनं अख्ख्या चाळीनं ते लग्न पंगती उठेपर्यंत बघितलं. आला नाही. ल्यूकचं काय झालं असेल या विचारात मी किती रात्री काढल्या, आणि शेवटी एका मावसभावानं श्रीखंड चाटता चाटता सांगून टाकलं, "अरे, तो त्याचा बाप असतो." त्याच्याशी मी आजही बेतानंच बोलतो.

म्हणून या वेळी कडेकोट बंदोबस्त केला. व्हॉट्सअ‍ॅप बंद. न्यू जर्सीच्या भाच्याचा फोन उचलला नाही, तर ताईला वाटलं मी गावच्या जमिनीवरून रुसलोय. बोरिवलीहून चर्चगेटला जाताना आमच्या नेहमीच्या डब्यात कॉलेजची पोरं असतात, त्यांचा भरवसा नाही. म्हणून भजनी मंडळाच्या डब्यात शिरलो. तिथे कोण 'स्टार वॉर्स'मधल्या जेडाय योद्ध्यांबद्दल बोलणार? दोन दिवस निर्धास्त गेले. तिसऱ्या दिवशी अंधेरी सोडल्यावर पखवाजवाले अण्णा घाम पुसत म्हणाले, "आमचा नातू कॅलिफोर्नियात कुठलासा तलवारींचा सिनेमा बघून आला. म्हणे शेवटी तो म्हातारा..." मी शेजाऱ्याच्या हातातले टाळ हिसकावले आणि "विठ्ठल, विठ्ठल" असा गजर धरला की मंडळी उत्साहानं उठून उभीच राहिली. थेट चर्चगेटपर्यंत कोणाला उसंत दिली नाही. मंडळानं मला वर्गणी न घेता सभासद करून घेतलं.

घरी बायकोची अट होती: आधी बाजीराव. बघितला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा कशा घालतील यावर ती रिक्षात बसेपर्यंत बोलत होती. मी हूं हूं करत राहिलो.

अखेर 25 तारीख उजाडली. राष्ट्रगीत झालं, तंबाखूची जाहिरात झाली, अंधार झाला, आणि संगीतकार जॉन विल्यम्सचा तो पहिला दणका बसला. मी रडलो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसानं रडायला ती जागा चांगली आहे, काळोख असतो.

दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स. 1977 साली पहिला भाग आला तेव्हा हा शाळकरी पोर होता, म्हणजे आमच्यातलाच. ते जाणवतं. त्यानं चित्रीकरण फिल्मवर केलं, अबुधाबीच्या खऱ्या वाळवंटात केलं, तो गोल गडगडणारा यंत्रमानव बीबी-8 सुद्धा खरोखरचा बनवून घेतला. जुन्या भागांतला तस्कर वैमानिक हान सोलो, त्याच्या यानाचं दार तर इतकं खरं होतं की त्याखाली हान झालेल्या हॅरिसन फोर्डचा पाय मोडला. संगणकातल्या दारानं कोणाचा पाय मोडत नाही.

मग 'रे' नावाची मुलगी, या भागाची नायिका, विचारते, केसेल रन (तस्करांचा अंतराळातला मार्ग) चौदा पारसेकमध्ये केलेलं यान ते हेच का? हान फणकारतो, "बारा!" थिएटरात मी एकटा हसलो. पारसेक हे अंतराचं माप, साधारण सव्वातीन प्रकाशवर्षांचं, आणि हा गडी 1977 पासून ते वेळेसारखं वापरतोय. अर्थात मुंबईकरानं त्याला नावं ठेवू नयेत. बोरिवली किती लांब, तर पन्नास मिनिटं, असं आपण रोज सांगतो.

पुष्कळांनी नाकं मुरडली की हे जुनंच आहे: पुन्हा वाळवंट, पुन्हा यंत्रमानवाच्या पोटात गुपित, पुन्हा ग्रह उडवणारा गोळा, फक्त आणखी मोठा. असेना. गणपतीची आरतीही दरवर्षी तीच असते; यंदा नवीन काय, असं आपण विचारत नाही.

आता इतकी वर्षं उलटली, सांगायला हरकत नाही. हान त्या पुलावर मुलाला हाक मारतो. मुलगा भरल्या डोळ्यांनी आपली तलवार बापापुढे धरतो. मी श्वास रोखलेला. तेवढ्यात बायको घरच्या आवाजात म्हणाली, "हा बापाला मारणार."

"गप गं. बाप आहे त्याचा."

"म्हणूनच. इतकं गोड बोलून कोणी हत्यार देत नाही. मालिका बघते मी रोज."

आणि मारलंन त्यानं.

पुढच्या रांगेतला एक पोरगा वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, आधी बघून आलाय ना? मग स्पॉइलर कशाला देता?" मी! ज्यानं टाळ कुटले, तो मी!

शेवटी एकदाचा ल्यूक दिसला. एका बेटावर. वळला, बघितलं, एक अक्षर बोलला नाही, आणि सिनेमा संपला.

"बोलणार कधी हा?"

"पुढच्या भागात. 2017 ला."

"अगंबाई!" म्हणत बायकोनं पर्स उचलली आणि त्याच पोराला जिन्यात गाठलं. "बाळा, ती मुलगी ह्या ल्यूकचीच निघणार, लिहून ठेव." पोरगा कानांवर हात ठेवून दोन दोन पायऱ्या उतरत पळाला.

(नाही निघाली. पण ते कळायला 2019 उजाडलं.)