मोदक म्हणे लूट!

सकाळी डोळे उघडायच्या आत फॅमिली ग्रुपवर मेसेज. "उकडीचा मोदक, एक नग ५० रुपये!! नुसती लूट चालली आहे." खाली संतापाचे लाल चेहरे आणि वर "मी ऑर्डरच रद्द केली" अशी शेखी. मेसेज कोणाचा ते सांगत नाही, आमच्याकडे दादा बरेच आहेत. ते माझ्या या पोस्टच्या वाचकांतही आहेत. वाचतील. वाचू देत.

याच दादांना मागे आम्ही इथे सिंगापुरात दिन ताय फुंग या तैवानी डम्पलिंगच्या रेस्टॉरंटला नेलं होतं. त्यांचाच हट्ट, रील बघून आले होते. मॉलमध्ये ही रांग! डोंबिवलीत दवाखान्यात जरा थांबावं लागलं की कंपाउंडरवर खेकसणारा माणूस, इथे नंबर हातात धरून हसतमुख उभा. का, तर समोर काच होती. काचेपलीकडे पांढऱ्या कपड्यातली, मास्क लावलेली मंडळी. कोणी पीठ तोडतंय, कोणी पारी लाटतंय, कोणी सारण भरून चुण्या घालतंय. ५ ग्रॅमची पारी, १६ ग्रॅम सारण, १८ चुण्या. "काय डेडिकेशन आहे!" म्हणत दादांनी व्हिडिओ काढला.

आहेच डेडिकेशन, मी कुठे नाही म्हणतेय? हे शियाओलोंगबाओ, म्हणजे पोटात सूप असलेलं डम्पलिंग, मूळचं शांघायजवळच्या नानशियांगचं. रस्सा गार करून जेलीसारखा थिजवतात, सारणात मिसळतात, वाफेवर तो विरघळतो आणि पारीच्या पोटात सूप तयार. तैपेईत दिन ताय फुंगच्या यांग बिंग-यी यांनी १९५८ साली खाद्यतेलाचं दुकान काढलं, ते चालेना म्हणून १९७२ पासून डम्पलिंग विकायला लागले. २०१० मध्ये हाँगकाँगच्या शाखेला मिशलिनचा स्टार, म्हणजे रेस्टॉरंटांना मिळणारा मोठा मान, मिळाला. कष्टाचं चीज झालं, आनंदच आहे.

दादांनी चिकनचं अख्खं तोंडात टाकलं. आधी पारीला भोक पाडून सूप प्यायचं असतं, हे सांगेपर्यंत जीभ पोळली होती. डोळ्यांत पाणी, तरी "मस्त!" मग बिल आलं. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर ९ टक्के जीएसटी. एकेक नग त्या 'लुटीच्या' मोदकापेक्षा महाग पडला होता. दादा हूं की चूं न करता, उलट भांडून बिल भरायला पुढे.

आणि ज्यांच्या मोदकांची ऑर्डर दादांनी रद्द केली त्या डोंबिवलीच्या काकू? आंबेमोहोराची पिठी, हाताला चटके बसत असताना मळलेली उकड, नारळ खवून केलेलं सारण, बोटांनी पाडलेल्या कळ्या. चतुर्थीला पहाटेपासून उभ्या. पण त्यांच्या स्वयंपाकघराला काच नाही ना!

बरं, मान्य. इथलं भाडं वेगळं, पगार वेगळे. साच्यातले मोदक हातवळणीचे म्हणून खपवणारेही आहेत. असतील. काकू त्यातल्या नाहीत.

मला खरं लागलंय ते वेगळंच. त्या दिवशी दादा रील काढत होते तेव्हा वहिनी काचेला जवळजवळ नाक लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघ, मधे जाड ठेवतात, कडा पातळ. नाहीतर तळ फुटेल." अगदी नेमकं! तिथल्या शिकाऊ पोरांनाही हेच शिकवत असणार. कोणी ऐकलं नाही, सगळे मोबाईलमध्ये. वहिनी दरवर्षी घरच्या गणपतीला मोदक करतात. त्यांच्या हातांचा व्हिडिओ आजवर कोणी काढलाय? मी तरी पाहिला नाही. घरची बाई फुकटात करते म्हणून बाहेरच्या बाईने ५० मागितले की लूट. एवढंच गणित आहे हे.

दादा माणूस वाईट नाहीत हो. टोपलीतलं शेवटचं डम्पलिंग त्यांनी माझ्या लेकीच्या ताटात सरकवलं, स्वतःला हवं होतं तरी. म्हणून तर जास्त राग येतोय. परक्या शेफसाठी एवढं मोठं मन आणि काकूंशी दहा-दहा रुपयांची घासाघीस!

दादा, तुमची रद्द झालेली ऑर्डर मी काकूंना फोन करून परत लावली आहे. २१ मोदक, पैसे पाठवलेत. न्यायला तुम्हीच जा, आणि वहिनींना यंदा सुट्टी द्या. बाकी कोणाला काकूंचा नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये या. "थोडं कमी होईल का" विचारणाऱ्यांना देणार नाही.