नाव झाकून पेपर तपासण्याबद्दल : एका शिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘पंचवीस वर्षं पेपर तपासतोय. आडनाव बघून कधी गुण दिले नाहीत. नाव झाकायला सांगणं हा शिक्षकांचा अपमान आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या सचोटीवर माझा विश्वास आहे. पण पूर्वग्रह सचोटीला विचारून येत नाही.

रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातच हे पारखून पाहिलं. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, वय वगैरे लिहिलेली मुखपृष्ठं त्यांनी सोडत काढल्यासारखी लावली. आतल्या उत्तरांशी मुखपृष्ठावर लिहिलेल्या जातीचा काही संबंध नव्हता. तरी खालची मानलेली जात लिहिलेल्या पेपरांना सरासरी कमी गुण पडले. फरक लहान, प्रमाण विचलनाच्या (म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याच्या मापाच्या) ०.०३ ते ०.०८ पट. पण असे गुण कापण्यात त्याच जातींतले शिक्षक पुढे होते, म्हणजे द्वेष हे उत्तर पुरत नाही. शिवाय भेदभाव गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त दिसला. माझ्या मते, तेव्हा गुणांचं माप हाताला बसलेलं नसतं आणि अर्धवट उत्तरातली जागा आपली अपेक्षा भरून काढते.

म्हणून माप आधी ठरवा. प्रकाशसंश्लेषणावर तीन गुणांचा प्रश्न असेल तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी १, सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य १, ग्लुकोज आणि ऑक्सिजन १. पहिल्या दहा पेपरांचे गुण पेन्सिलीने लिहा, गठ्ठा संपल्यावर ते पुन्हा तपासा. सगळ्यांचा पहिला प्रश्न संपवा, गठ्ठा पिसा, मग दुसरा घ्या. नाहीतर पहिलं सुरेख उत्तर पुढच्या ढिसाळ उत्तरालाही तारून नेतं. विज्ञानात ‘पान्यानं’ लिहिलं म्हणून गुण कापू नका, ते मराठीच्या पेपरात बघा.

नाव झाकूनही अक्षर ओळखू येतं, हा तुमचा आक्षेप मात्र शंभर टक्के बरोबर. आपल्याच वर्गाचे पेपर असतील तर झाकण्याचा उपयोग थोडा. त्यावर सोपा उपाय म्हणजे अ आणि ब तुकडीच्या शिक्षकांनी गठ्ठे बदलून घेणं.

तोंडी परीक्षेत काहीच झाकता येत नाही, आणि मला खरी काळजी तिथलीच वाटते. ‘कुठे राहतोस? वडील काय करतात?’ हे प्रश्न आपण मुलाची भीती घालवायला विचारतो, पण त्या उत्तरांनी पहिल्या प्रश्नाआधीच आपलं मत बनू लागतं. भीती घालवायची तर आवडता धडा विचारा. प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. गुण प्रत्येक उत्तरानंतर लगेच लिहा, मूल बाहेर गेल्यावर एकदम नको. दोन परीक्षक असतील तर दोघांनी आपापला कागद भरावा, आणि तो भरेपर्यंत एकमेकांशी बोलू नये.