ईडब्ल्यूआय (EWI) म्हणजे नकली सॅक्सोफोन नव्हे
सुषिरवाद्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘इलेक्ट्रॉनिक सुषिरवाद्य म्हणजे सॅक्सोफोनची निर्जीव नक्कल’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. जॅझ सॅक्सोफोनवादक मायकल ब्रेकरने स्टेप्स अहेड या बँडबरोबर १९८६ मध्ये टोकियोत वाजवलेलं ईडब्ल्यूआय, म्हणजे फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, ऐका. एकटा माणूस फुंकतोय आणि त्यातून स्वरांचे थरच्या थर उभे राहतात! सॅक्सोफोनवर हे होणारच नाही, मग नक्कल कशाची?

नाइल स्टायनरने बनवलेल्या या वाद्याच्या कळा दाबल्या जात नाहीत, नुसत्या स्पर्शाने चालतात. डाव्या अंगठ्याखालच्या रोलरवरून सप्तक बदलतं, त्यामुळे क्षणात खर्जातून तारसप्तकात झेप घेता येते. फुंकेचा जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो. माउथपीस दातांनी हलकेच दाबला की स्वर थरथरतो. कीबोर्डवर एकदा पट्टी दाबली की पुढे स्वराला आकार देणं फार अवघड. इथे मात्र प्रत्येक स्वरामागे वादकाचा श्वास असतो, आणि तो चोरता येत नाही. ब्रेकरच्या १९८७ च्या पहिल्या स्वतंत्र अल्बममधल्या ‘ओरिजिनल रेज’ची सुरुवात हेडफोन लावून जरूर ऐका. यलोजॅकेट्स या जॅझ बँडमधल्या, हेच वाद्य वाजवणाऱ्या बॉब मिंट्झरचाही उल्लेख लेखात हवा होता.