आलं की!

गेल्या रविवारी सांगलीत, स्वतःच्या घरात, मला अर्धा लिटर दूध आणायला पिटाळण्यात आलं. वय वर्षं 44, हातात कापडी पिशवी. कारण काय, तर घरी 'साहेब' येणार होते आणि साहेबांना पाणचट चहा चालत नाही. दारातून निघताना आण्णांनी आधार कार्ड आणि पासबुक हातात कोंबलं, "येताना झेरॉक्स काढून आण." मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी असेल. झेरॉक्सवाल्यानं कार्ड काचेवर पालथं घातलं आणि विचारलं, "स्कीमचं का?" म्हटलं, कसली स्कीम? "काय नाय, तुमच्या बोळातलं आजचं हे चौथं." चार रुपये झाले. ते मीच दिले. म्हणजे माझ्या आईवडिलांना बुडवण्याच्या कामातली पहिली गुंतवणूक माझी.

परत आलो तर साहेब माझ्या खुर्चीवर. वय फार तर सत्तावीस. एप्रिल महिना, सांगली, गावभाग, वर पत्र्याची शेड, आणि अंगात काळा ब्लेझर. मी आत शिरताच त्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला आणि आण्णांना म्हणाले, "हेच का वारस?" फॉर्मवर वारसाच्या रकान्यात माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. जन्मतारीख तेवढी आईनं चुकीची सांगितली होती.

योजना अशी, की लाख रुपये द्यायचे आणि महिन्याला आठ टक्के घ्यायचे. कंपनी काय करते, असं मी विचारलं. "ट्रेडिंग." कशाचं? "सगळ्याचं, दादा." सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कुणी पोत्याला हात लावत नाही. त्याच गावात 'सगळ्याचं' हे उत्तर माझ्या आईवडिलांना पुरलं. आण्णांनी तर हिशेबही मांडून ठेवला होता. "पोस्टात ज्येष्ठ नागरिकांना आठ पॉइंट दोन देतात. हे आठच देतायत. म्हणजे फार हावरट वाटत नाहीत."

"आण्णा, पोस्ट वर्षाला देतं! हे महिन्याला म्हणतायत!"

"मग चांगलंच की."

साहेबांनी पिशवीतून पुरावा काढला नाही. पुरावा आमच्या पलंगावर आधीपासून मांडी घालून बसलेला होता. नाना. समोरच्या वाड्यातले, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सांगली-विटा रस्त्यावर एकतीस वर्षांत साधा आरसा फुटू दिला नाही, असं ते स्वतः सांगतात. नानांनी लाख रुपये तीन महिन्यांपूर्वी टाकलेले. साहेबांनी नुसती मान तिकडे वळवली आणि म्हणाले, "विचारा की यांनाच."

"नाना, पैसे आले?"

"आलं की!"

"किती?"

"चोवीस हजार."

"बँकेत आले?"

"बँकेत कशाला? बँक काय देतीया?"

"मग हातात आले?"

नानांनी मोबाईल काढला आणि माझ्या हातात ठेवला. "ह्ये बग. हातातच हाय की."

पडद्यावर हिरव्या अक्षरांत 1,24,000 असं लिहिलेलं होतं. त्यावर बोट दाबलं की वरून सोन्याची नाणी पडतात आणि खळखळ असा आवाज येतो. नानांनी मला तीनदा दाबून दाखवलं. चौथ्यांदा मी स्वतः दाबलं, खोटं कशाला बोलू. सकाळी अंघोळ झाली की एकदा आणि रात्री निजायच्या आधी एकदा, असं ते रोज वाजवतात म्हणे.

"नाना, यातलं काही काढून बघितलंत का कधी?"

"काढायचं कशाला? काढलं की वाढायचं थांबतंय. न काढणाराला बोनस हाय."

"लाख कसे दिलेत, चेकनं?"

"रोख."

"पावती?"

त्यांनी पुन्हा मोबाईलकडे बोट केलं. माझा आवाज जरा चढला. म्हटलं, "म्हणजे नाना, तुम्ही खरे लाख रुपये दिलेत आणि त्यांनी तुम्हाला नाण्यांचं चित्र दिलं."

नानांचा चेहरा पडला. इतका वेळ न दुखावलेला माणूस इथं दुखावला. "मिक्सर बी दिलाय," ते म्हणाले. "तीन भांड्यांचा."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चटणीचं भांडं छान आहे हो त्याचं."

मी कागद घेतला. महिन्याला आठ टक्के, न काढता, व्याजावर व्याज. एका लाखाचे वर्षाला अडीच होतात. पाच वर्षांनी एक कोटी. दहा वर्षांनी शंभर कोटींच्या वर. मी तो आकडा शून्यांसकट नानांसमोर धरला. "नाना, तुम्ही दहा वर्षं कळ काढली तर कृष्णेवरचा आयर्विन पूल विकत घ्याल." मला वाटलं, आता तरी कुणी चपापेल. नानांनी कागद नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. घरी दाखवायला.

मग मी शहाणपणा सुरू केला. तो करायला नको होता. बोस्टनमध्ये 1920 साली चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसानं 45 दिवसांत 50 टक्के देतो म्हणून लोकांकडून पैसे घेतले, नव्यांचे पैसे जुन्यांना वाटले, नवे येईनासे झाल्यावर सगळं कोसळलं, वगैरे. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठल्या गावचा तो?"

"मूळचा इटलीचा."

"मग आपला काय संबंध?"

म्हटलं, बरं, इटली राहू द्या. 2019 सालचं आपल्याच जिल्ह्यातलं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण? इस्लामपूरकडून सुरू झालेलं? पिल्लं घ्या, वाढवा, अंडी आम्हीच विकत घेतो, असं सांगून कितीजणांना गंडवलं? यावर साहेब हसले आणि आण्णांच्या तोंडून जे निघालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ते कोंबड्यांचं होतं. कोंबडी मरते. पैसा कसा मरेल?"

साहेबांनी लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट पुढे केलं. कंपनी नोंदलेली आहे म्हणे. अरे बाबा, कंपनी नोंदवणं वेगळं आणि लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी असणं वेगळं. उसाच्या गुऱ्हाळालासुद्धा शॉप ॲक्टचा कागद असतो, म्हणून कुणी तिथं पेन्शन ठेवत नाही. बेकायदा ठेवी घेण्यावर बंदी आणणारा केंद्राचा कायदाच आहे, 2019चा. त्याआधी आपल्या राज्याचा 1999चा आहे. हे सगळं मी एका दमात म्हणालो. साहेब म्हणाले, "दादा फार शिकलेले आहेत." आमच्या घरात ही शिवी आहे. आण्णांनी मान खाली घातली, जणू माझ्या वतीनं त्यांना लाज वाटली.

आणि हा माणूस कोण? पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेला. पावसाळ्यात आमच्या घरी देवाआधी आयर्विनच्या पाण्याची चौकशी होते. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका. 2019च्या पुरात पाणी 57 फुटांवर गेलं. गल्लीतले लोक अजून काठावर उभे राहून फोटो काढत होते, तेव्हा आण्णांनी छत्तीसलाच फ्रिज टेबलावर चढवला होता आणि ठेवीच्या पावत्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळून, वर रबरबँड लावून, माळ्यावर टाकल्या होत्या. छत्तिसाव्या फुटाला घाबरणारा माणूस महिन्याला आठ टक्के ऐकून वारसाची जन्मतारीख सांगतो.

हे मी त्यांना म्हणालोसुद्धा. तेव्हा ते जे बोलले ते विनोदी नव्हतं. "त्या पावत्या पतसंस्थेच्या होत्या. पुरातनं वाचल्या. त्यातलं किती मिळालं सांग."

काही मिळालं नव्हतं. दोन वर्षं आण्णा त्या पतसंस्थेच्या बाकड्यावर जाऊन बसत होते. तिथं चहा मिळायचा. मी चाचरत म्हणालो की बँक बुडाली, अगदी सहकारी बँक असली, तरी पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला मात्र तो नसतो. आण्णा म्हणाले, "हे तेव्हा का नाही सांगितलंस?" आई म्हणाली, "तेव्हा तो पुण्यात होता." मी आजही पुण्यातच असतो.

या साहेबांनी आण्णांच्या मोबाईलवरची अक्षरं मोठी करून दिली आहेत. मी दिवाळीपासून "नंतर दाखवतो" म्हणतोय. ती अक्षरं मोठी करायला मोजून चाळीस सेकंद लागतात, हे मला ठाऊक आहे. त्या ब्लेझरवाल्याचा मला राग आहेच, पण त्या चाळीस सेकंदांचा जरा जास्त आहे. ते पोरगं तरी काय, आण्णांच्या दोन लाखांतून त्याला कमिशन मिळणार, आण्णांना आणल्याबद्दल नानांनाही काहीतरी मिळणार. आमच्या बोळात आता शेजार उरलेला नाही, साखळी आहे.

शेवटी तडजोड झाली. चेक लिहून तयार होता, दोन लाखांचा. मी म्हटलं, नानांनी फक्त दहा हजार काढून दाखवावेत, मग खुशाल द्या. साहेब म्हणाले, "आत्ता सिस्टीम अपडेटला आहे." पण नाना इरेला पेटले होते, एकतीस वर्षांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्यांनी बटण दाबलं. नाणी पडली नाहीत. 'आपली विनंती प्रक्रियेत आहे' असं आलं. साहेबांनी माझ्या दुधाचा चहा संपवला, दुसऱ्या कपाला नाही म्हणाले आणि निघाले. आण्णांनी चेक भिंतीवरच्या कॅलेंडरला मागून टाचणीनं लावून ठेवला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन करतो. सोमवारी नाना स्वतः बोलले. "आलं का, नाना?" "येतंय की." बुधवारी म्हणाले, सर्व्हर का काय ते बसलंय. काल आईनं फोन उचलला.

"नाना कुठायत?"

"मिक्सर दुरुस्तीला घेऊन गेलेत. वास येतोय म्हणे जळका."

"आणि पैसे?"

"येतायत म्हणतात."

"आपला चेक?"

"आहे की. काल महिन्याचं पान उलटताना खाली पडला होता." मग ती थोडं थांबली. "आण्णांनी परत टाचणी लावली."