एकोणतीस हजार चारशे घरं

काकांचं सहस्रचंद्रदर्शन पाच महिन्यांवर आलं तेव्हा काय द्यायचं याची घरात चर्चा सुरू झाली. चांदीची निरांजनं त्यांच्याकडे चार. शाली इतक्या, की काकू त्या आल्यागेल्याला देत असते आणि एखादी फिरून तिच्याकडेच परत येते. मी म्हटलं, आपण गुहागरच्या घराचं चित्र भरू. क्रॉस स्टिच. फुल्या तर मारायच्या, त्यात काय?

हे ‘त्यात काय’ मला पुढे जवळजवळ अडीच वर्षं पुरलं.

माझ्या आत्मविश्वासाला आधार होता. मी हिशेब तपासतो. पंचवीस वर्षं चौकटीत बसवलेले आकडे बघण्यात गेली आहेत. आणि क्रॉस स्टिच म्हणजे तरी काय, मोजलेल्या चौकटीत ठरलेला रंग. मे २०१४ मध्ये मीच काढलेला घराचा फोटो होता : कौलारू छप्पर, पडवी, तुळशीवृंदावन, मागे चार माड. तो कॉम्प्युटरला दिला. त्याने दोन मिनिटांत नकाशा काढून दिला. आडवी २१० घरं, उभी १४०.

भरतकामातल्या चौकोनाला ‘घर’ म्हणायचं, हे मला आत्याने सांगितलं. आत्या लग्न होऊन धारवाडला गेली आणि तिथलं कसूती हे भरतकाम शिकली. तिच्या इरकली साडीवरची गोपुरं आणि तुळशीवृंदावनं तिने कापडाचे धागे मोजून भरलेली आहेत. पुढ्यात नकाशा नाही, कापडावर पेन्सिलीची रेघ नाही. कसूतीतले गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. त्यामुळे आत्याला कापडाची सुलट बाजू बघायची सवयच नाही. तुम्ही काही भरून दाखवलंत की ती आधी उलटं करते. लेखापरीक्षक मी आहे, पण माझं ऑडिट आत्या करते.

तर एक घर भरायला २१० गुणिले १४०, म्हणजे २९,४०० घरं. मी रीतसर अंदाजपत्रक मांडलं. तासाला शंभर फुल्या, रोज दोन तास, म्हणजे १४७ दिवस. पाच महिन्यांना तीन-चार दिवस शिल्लक; त्यात फ्रेम करून होईल. अंदाजपत्रक बायकोने वाचलं आणि कपाटातली एक नवी शाल काढून बाजूला ठेवली.

कापड आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, मॅटी हवी की आयडा? मी ‘चांगली’ हवी म्हणालो. चौदा काउंटची आयडा मिळाली, म्हणजे इंचाला चौदा घरं. म्हणजे चित्र १५ इंच बाय १०. मी तेवढंच कापड फाडायला सांगत होतो. दुकानदाराने दयेने तीन-तीन इंच चारी बाजूंनी वाढवून २१ बाय १६ दिलं आणि काठ टिपून घ्या म्हणाला. काठ मी टिपले नाहीत. पुढच्या महिन्यात कापडाला चारही बाजूंनी दाढी आली.

दोऱ्यांचे रंग निघाले ८४. कॉम्प्युटरला कौल दिसत नाही, त्याला प्रकाश दिसतो. पावसाळे खाल्लेल्या एका कौलात त्याला तपकिरीच्या अकरा छटा सापडल्या होत्या. १७४६ साली, आता फ्रान्समध्ये असलेल्या मुलूझ गावात सुरू झालेल्या डीएमसी या दोऱ्यांच्या कंपनीच्या रंगपट्टीत ८९८ म्हणजे फार गडद कॉफी आणि ९३८ म्हणजे अतिगडद कॉफी. दिवसा, खिडकीशी, चष्मा पुसून, या दोन्हींत फरक दिसतो. रात्री साडेदहाला ट्यूबलाइटखाली दोन्ही कॉफ्या सारख्याच लागतात. छपराचा डावा कोपरा मी चार रात्री चुकीच्या कॉफीत भरला. उसवला नाही. त्या कोपऱ्यावर फणसाची सावली पडते असं सांगतो.

सुरुवातीचा महिना दोऱ्याशी ओळख होण्यात गेला. लडीचा दोरा सहा पदरी असतो. चौदा काउंटवर दोन पदर वापरायचे. मी दोन पदर एकदम ओढले, तर उरलेल्या चारांनी एकमेकांच्या गळ्यात गळे घातले. पदर एकेक करूनच काढायचा आणि मग दोन शेजारी ठेवायचे, हे कळेपर्यंत तीन लड्या जटा होऊन गेल्या. सारखी सुई ओवायला नको म्हणून मी दोरा वावभर घेत असे. आत्या म्हणाली, “बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत घे, त्याहून जास्त नाही.” लांब दोरा प्रत्येक घरातून घासत जातो, त्याला केस फुटतात, पीळ पडतो आणि शेवटी गाठ. दहाबारा टाक्यांनी सुई हातातून सोडून द्यायची. ती दोऱ्याच्या टोकाला लोंबकळत आपोआप गिरक्या घेते, पीळ उतरला की थांबते. हे दृश्य फार शांत करणारं आहे. माझा बराचसा वेळ ते बघण्यातच गेला, हेही कबूल करतो.

दीड महिन्याने आत्या ठाण्याला आली. मी तिला छपराचा तयार भाग मोठ्या अभिमानाने दिला. तिने उलटा केला.

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे काय, गाठोडं आहे का?”

मी प्रत्येक दोरा गाठ मारून सुरू केला होता आणि गाठ मारूनच संपवला होता. शिवाय तपकिरी रंगाचं एक घर इथे, पुढचं पंचवीस घरं सोडून तिथे, तर मधला दोरा मागून तसाच ओढत नेला होता. पाठीमागे नुसते तिरके उभेआडवे दोरे; तारांचं जाळं झालेला जुन्या गल्लीतला विजेचा खांबच. आत्याने तिथल्या तिथे शिकवणी घेतली. एकच लांब पदर घ्यायचा, मधोमध दुमडायचा, दोन्ही टोकं सुईत ओवायची. मागे जो फासा उरतो, त्यातून पहिल्याच टाक्याला सुई काढायची. गाठ लागतच नाही. संपवताना सुई मागच्या चार-पाच टाक्यांच्या पोटातून सरकवायची आणि कापायचं. मागून तीन-चार घरांच्या पुढे दोरा न्यायचा नाही. गडद दोरा फिक्या भागामागून तर नाहीच, सुलट बाजूला सावली पडते.

“आणि हे इथे काय झालंय?” तिने कापड खिडकीशी धरलं.

छपराचा मधला तुकडा वेगळाच चमकत होता. रंग तोच, दोरा तोच, पण जणू तेवढ्याच कौलांवर सर येऊन गेलेली. तो तुकडा मी सोयीसाठी कापड ताणून धरणारी रिंग आडवी फिरवून भरला होता. फुलीचे दोन पाय. वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला झुकलेला हवा. रिंग फिरवली की पाय फिरतात आणि उजेड वेगळा परततो. मी म्हटलं, लक्षात कोणाच्या येणार? आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बिल नसलेला खर्च दाखवणाऱ्याकडे पाहतो. चारशे फुल्या उसवल्या. उसवताना एक समजलं : भरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ.

तरी हे काहीच नव्हे. पाचव्या महिन्यात डावीकडून येणारं छप्पर आणि उजवीकडून येणारं छप्पर पडवीच्या खांबावर भेटायचं होतं. ते भेटेना. एका घराचा फरक. ज्याने आयुष्यात रुपयाच्या फरकासाठी लोकांना रात्री दहापर्यंत ऑफिसात बसवलंय, त्याला हा ताळा जमेना. मी तीन रात्री पुन्हा पुन्हा मोजलं. अखेर चूक सापडली ती तीन आठवडे मागे. सदतीसच्या जागी अडतीस. त्यावर सगळी इमारत उभी. अकराशे घरं उसवावी लागली. त्याच आठवड्यात गुहागरला सहस्रचंद्रदर्शन झालं. आम्ही शाल दिली.

मग मात्र मी शहाण्यासारखा वागलो. आधी करायला हवं होतं ते केलं : पूर्ण कापडावर दर दहा घरांवर उभ्याआडव्या धाग्याने रेघा घातल्या. नकाशावर दहाच्या ठळक रेघा असतातच, त्याच कापडावर आल्या. धावदोऱ्याच्या या रेघा साध्या दोऱ्याच्या घातल्या तर सुई त्यांत घुसून फुलीबरोबर त्यांनाही शिवून टाकते. त्यासाठी मी गरीची तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा, वापरली. सुई तिच्यात शिरू शकत नाही आणि काम झालं की एका ओढीत निघते. काकांच्या गावात तंगुशीचा असा उपयोग कोणी केला नसावा.

८४ रंगांवरही कात्री चालवली. जवळच्या छटा एकमेकींत विलीन केल्या, ३४ उरले. तरी माडांच्या झावळ्यांत हिरव्याचं एक घर, पिवळ्याचं एक, राखाडीचं एक, अशी भेळ होतीच. तिथे दहा बाय दहाचा एक चौक घ्यायचा, संपलेला दोरा कापायचा नाही. त्या रंगाचं पुढचं घर जिथे येईल तिथे वर काढून लोंबता ठेवायचा. एका वेळी चौदा दोरे लोंबत असत. मुलगी म्हणाली, बाबा, हे अळीव खाऊन वाढलेले केस वाटतात.

पोह्यांचं बोटही लागलं. हळदीचा पिवळा डाग बघून मी घाईने साबण चोळला, तर डाग लालभडक. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे शाळेत शिकलो होतो. साबणानेही तेच होतं हे आकाशाच्या भागात सूर्य उगवल्यावर कळलं. आत्याने फोनवर सांगितलं, साध्या पाण्याने साबण काढ आणि उन्हात टाक. दोन दुपारींत सूर्य मावळला.

या सगळ्यात एक कोपरा फार सुखाचा गेला. पडवीच्या उजवीकडे निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या होत्या. सोळा घरं रुंद, अठरा घरं उंच. भेळ नाही, छटा नाहीत, सरळ निळा, सरळ पांढरा. मला वाटलं, गोठ्याची खिडकी असेल. नकाशावर खुणाच असतात, चित्र दिसत नाही. तोपर्यंत माझा हातही बसला होता. सुई वर एकदा, खाली एकदा, दोन हालचालींत. दोरा ओढून खड्डा पाडायचा नाही, नुसता टेकवायचा. दोन्ही पदर शेजारीशेजारी झोपले पाहिजेत, एकमेकांवर चढायचे नाहीत. २८८ फुल्या, एकीनेही मान वाकडी केली नाही.

दुसऱ्या दिवशी केर काढताना मावशी खोलीच्या दारातच थांबल्या. खुर्चीच्या पाठीवर कापड वाळत होतं.

“दादा,” त्या म्हणाल्या, “चड्डी मस्त जमलीय.”

मी दारापर्यंत गेलो आणि तिथून पाहिलं. दहा फुटांवरून माड म्हणजे हिरवट धूर दिसत होते. छप्पर म्हणजे उकडलेल्या काळ्या वाटाण्यांचा ढीग. आणि या सगळ्यांच्या मधोमध, लख्ख, धारदार, तारेवर वाळत घातलेली काकांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. फोटो मोठा करून बघितला. होती. दहा वर्षं तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. कोणाच्या लक्षात आली नव्हती.

उसवावी का? बायको हसून हसून बोलू शकत नव्हती, त्यामुळे तिचं मत कळलं नाही. आत्याला फोटो पाठवला. तिचा उलट निरोप आला : मागची बाजू पाठव. पाठवली. मग फोन आला. “अरे, पूर्ण चित्रात हा एवढाच तुकडा असा आहे की दोन्ही बाजूंनी बघावा. हात लावू नकोस.”

सहस्रचंद्र होऊन आणखी पंचवीस चंद्र उलटल्यावर काम संपलं. तंगूस ओढून काढली. गार पाण्यात धुतलं, पिळलं नाही, पंच्यात गुंडाळून दाबलं, टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री केली म्हणजे टाके चेपत नाहीत. फ्रेम घेऊन गुहागरला गेलो. काकांनी ती दोन्ही हातांत धरली. लांब धरली, जवळ धरली, चष्मा कपाळावर चढवला. छप्पर, माड, वृंदावन यांवरून त्यांची नजर न थांबता पुढे गेली आणि उजवीकडे येऊन स्थिरावली.

“ही मी चिपळुणातून घेतली होती,” काका म्हणाले. काकू आतून बघायला आली. शेजारचे दोघे आले. घर कोणाचं हे कोणी विचारलं नाही. चड्डीवरून सगळ्यांनी ओळखलं.

“पण नाडी कुठाय?” काका म्हणाले.

फ्रेम मी परत ठाण्याला आणली आहे. एकच पांढरा पदर, २४ नंबरची बोथट सुई, सगळ्या फुल्या भरून झाल्यावर वरून घालायची उलटी टीप. साताठ टाक्यांचं काम. काल आत्याचा फोन येऊन गेला : नाडीला गाठ असते म्हणून मागे गाठ मारू नकोस.