सायबाची उंची फोटोवर पट्टी लावून काढता?

आमच्या चुलतभावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा परत तेच, गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचा फोटो, वर लाल रेघा मारून माप काढलेलं, खाली "एवढंसं शव, हा स्पेनचा असूच शकत नाही, हा श्रीलंकेचा बौद्ध भिक्खू". नाईट शिफ्ट सुटून इंग्लंडात स्विंडनच्या बसस्टॉपवर उभा होतो, तिथंच डोकं सणकलं.

अरे, सुकलेल्या शरीरावरून उंची काढतात काय? पाणी गेलं की मणक्यांमधल्या चकत्या आक्रसतात, मांस बसतं. १५५२ साली चीनजवळच्या बेटावर वारलेला माणूस, आधी चुन्यात पुरलेला, मग मलाक्का, मग १५५४ ला गोव्यात. उंची काढतात हाडांवरून, मांडीचं हाड सगळ्यात भरवशाचं. ट्रॉटर-ग्लेसरच्या सूत्रात गोऱ्या पुरुषासाठी हाडाची लांबी गुणिले २.३८, अधिक ६१.४१ सेंटीमीटर, तरी सव्वातीन सेंटीमीटर इकडेतिकडे. आणि कुठलं सूत्र लावायचं हे माणूस कुठला ते धरूनच ठरतं, मग त्याच उंचीवरून तो कुठला ते कसं ठरवणार?

इथं लेस्टरला २०१२ मध्ये कार पार्कखाली तिसरा रिचर्ड राजा सापडला. हाडांवरून उंची पाच फूट आठ इंच निघाली, पाठ वाकडी म्हणून दिसायला त्याहून कमी. बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळवला आणि २०१५ ला कॅथेड्रलमध्ये मानानं पुरला. आपल्या जुन्या गोव्यातही सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमधलं हाड हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं डीएनए काढून तपासलं, जॉर्जियाच्या केतेवान राणीचं, आणि २०२१ ला ते तिच्या देशाला दिलं. ती तपासणी कुणाला हाकलायला नव्हती.

सायबानं १५४६ च्या पत्रात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मागितलं हे मी विसरलेलो नाही, आमची म्हाळसादेवी पोर्तुगीजांच्या धाकानं वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली ती त्याच काळात. त्यावर भांडा, मी पण भांडेन. पण ते पत्रांवरून, मापावरून नव्हे.

२००४ ला आजीबरोबर सायबाच्या शवदर्शनाला से कॅथेड्रलच्या रांगेत होतो. काचेतून काळपट पाऊल दिसलं, एवढंच. आजीनं हात जोडले, आणि घरी येऊन पाय धुऊन म्हाळसेपुढं दिवा लावला, रोजच्यासारखा.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. भावानं फक्त विचारलं, "तू येतोस कधी?" आजोबांच्या पोर्तुगीज जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढून आलो त्याला अकरा वर्षं झाली, उत्तर टाईप केलं आणि पुसलं.