मागचे बोके

कॅमेरा घ्यायचं ठरवल्यापासून ‘तुला काढायचंय काय?’ असं मला जो तो विचारत होता. ‘फोटो’ म्हटलं की समोरचा असा बघायचा, जणू डॉक्टरांनी ‘कुठे दुखतंय?’ विचारल्यावर मी ‘अंगात’ म्हणालोय.

ऑफिसातला एक सहकारी पक्षीवाला आहे. हिवाळ्यात रविवारी पहाटे भांडुप पंपिंग स्टेशन, जोडून सुट्टी आली की भिगवण. त्याच्या मते 600 एमएमच्या आतली कुठलीही लेन्स घेणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं. ‘फ्लेमिंगो काय चालत येणारेत तुझ्याकडे?’ फ्लेमिंगोंकडून माझी तशी अपेक्षा नव्हतीच. त्याने लेन्स माझ्या हातात दिली, ती जवळजवळ दोन किलोंची निघाली. एवढं वजन डोळ्यासमोर स्थिर धरायचं असेल तर आधी कॅमेऱ्याच्या नव्हे, जिमच्या चौकशीला लागावं लागलं असतं.

भाचा लग्नांचे कॅन्डिड फोटो काढतो. तो म्हणाला, ‘मामा, फुल फ्रेमशिवाय लो लाइटला मजा नाही.’ फुल फ्रेम म्हणजे 36 बाय 24 मिलिमीटरचा सेन्सर, जुन्या 35 एमएम रोलवरच्या एका फोटोएवढा. परवडणाऱ्या कॅमेऱ्यात तो याहून लहान असतो, मग चित्राच्या कडा कातरल्या जातात आणि 50 ची लेन्स 75 सारखी वागते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ही बातमी हसत हसत सांगू नये.

मेगापिक्सेलची काळजी तेवढी लवकर मिटली. ए-4 आकाराचा चांगला प्रिंट काढायला नऊ पुरतात आणि आमच्या घरात त्याहून मोठी भिंत कपाटाने अडवलेली आहे.

खरी दमछाक केली ती अ‍ॅपर्चरने, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येतो त्या भोकाने. 1.8 मोठं आणि 5.6 लहान! कारण तो भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला, म्हणजे त्या मघाच्या 50 ला, त्या आकड्याने भागलं की भोकाचा व्यास मिळतो. म्हणजे आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि भोक मोठं तितकं ते खिशालाही पडतं. हे समजल्याच्या आनंदात मी रात्री जेवताना बायकोला म्हणालो, ‘कॅमेऱ्याबरोबरच्या 18-55 ने भागायचं नाही. 50 ची 1.8 घ्यायला हवी. तिच्यात बोके फार सुंदर येतात.’

‘बोके?’

‘जपानी शब्द आहे. मागचं सगळं धूसर दिसतं ना, ते.’

तिने आमटी वाढता वाढता विचार केला. ‘म्हणजे जास्त पैसे दिले की कमी दिसतं?’

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

एका शनिवारी डोंबिवलीहून गाडी पकडून सीएसएमटी गाठलं आणि बोरा बाजारात शिरलो. त्या गल्लीत कॅमेऱ्यांची इतकी दुकानं आहेत की नुसतं कुठे थबकलं तरी माणूस गिऱ्हाईक ठरतो. काउंटरवरच्या काकांनी तोच प्रश्न राष्ट्रभाषेत विचारला, ‘साहेब, क्या निकालना है?’ मी खरं ते सांगितलं, ‘मालूम नहीं. चाळीस हजार हैं.’ इतक्या जणांत पहिल्यांदा कुणाचा तरी चेहरा उजळला. त्यांनी एक वापरलेला डीएसएलआर पुढे ठेवला. शटर किती वेळा उडालंय ते दाखवलं. सेकंडहँड गाडीचं किलोमीटर बघतात तसं हे बघतात. मग 50 च्या लेन्समध्ये टॉर्च मारून ‘फंगस नहीं, देखो’ म्हणाले. मी एक डोळा मिटून गंभीरपणे पाहिलं. आत फंगस असतं तरी मला ती डिझाइन वाटली असती.

फंगसची धास्ती मात्र घरी सोबत आली. कोकणपट्टीच्या पावसात लेन्सला बुरशी धरते, म्हणून ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची. घरात खरा हवाबंद डबा एकच, पापडांचा. पापड पिशवीत गेले आणि तीन दिवसांत चामट झाले. कॅमेऱ्याने घरात केलेला पहिला ठळक बदल तो हाच. अजूनही लेन्सला हिंगाचा वास येतो.

गणपतीला माझे काका आले. त्यांच्याकडे एकेकाळी अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, एका रोलात बारा चौकोनी फोटो. त्यामुळे ते आमच्या घराण्यातले अधिकृत फोटोग्राफर. मी उकडीच्या मोदकांचं ताट खिडकीपाशी ओढलं, 1.8 लावलं, श्वास रोखला आणि त्यांच्या देखत पहिला फोटो काढला.

इतक्या जवळून 1.8 ला सेंटीमीटरभरसुद्धा खोली फोकसमध्ये राहत नाही. पुढच्या मोदकाची एक कळी अशी काही आली होती की बायकोच्या अंगठ्याची रेघ मोजावी. बाकीचे वीस मोदक धुक्यात.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन नाकाशी नेली. ‘बाकीचे मोदक हलले का रे?’

‘नाही काका, ते मुद्दाम तसं.’

‘बरं. आणि हे मागे, खिडकीत, करडं काय आहे?’

‘ते बोके, काका. याचेच तर पैसे मोजलेत.’

काका पुन्हा वाकले. ‘मला एकच दिसतोय,’ ते म्हणाले. ‘आणि तो ताटाकडे निघालाय.’